भावी कुलगुरू

कुंभवलीत घरावरच्या पाटीवरून आत कोण राहतं ते कळतं. अपवाद एकाच घराचा. त्या पाटीवर इतका मजकूर आहे की वाचून होईपर्यंत मूळ माणूस हरवतो. सुरुवातीला 'प्रा.', मग नाव, नावापुढे 'एम.ए., फर्स्ट क्लास', त्यापुढे 'पीएच.डी. (चालू)'. खालच्या ओळीत 'शिक्षणतज्ज्ञ', 'औद्योगिक सुरक्षा सल्लागार', 'माजी व्यवस्थापक (युटिलिटी)'. आणि अगदी तळाला 'कुत्र्यापासून सावध राहा'. कुत्रा मरून बरीच वर्षं झाली, पण पाटीवर एकदा चढलेलं पद उतरवायचं नाही असा सरांचा शिरस्ता आहे.

त्यातल्या 'एम.ए., फर्स्ट क्लास'ची एक गंमत आहे. एम.ए. सेकंड क्लास आहे. फर्स्ट क्लास आहे तो बॉयलर अटेंडंटचा, सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला दाखला. दोन्ही खरं. खोटं कुठेच नाही, मधला स्वल्पविराम तेवढा काम करतो. तो स्वल्पविराम मीच टाइप केलाय, म्हणून खात्रीने सांगतो.

माझं नाक्यावर झेरॉक्स, डीटीपी आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. कुंभवली म्हणजे एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला तारापूर एमआयडीसीचे प्लॉट आणि मध्ये भाड्याच्या खोल्या. रात्री वारा फिरला की कुठल्या प्लॉटवर काय शिजतंय ते नाकाला कळतं. दुकानात येणारी गिऱ्हाइकं दोन जातीची: गेटपाससाठी फोटो-आधार घेऊन येणारे कामगार आणि प्रोजेक्टला स्पायरल मारायला येणारी कॉलेजची पोरं. या दोन्ही रांगांत मी एकाच माणसाला उभा राहिलेला पाहिलाय, तो म्हणजे सर. नाव देत नाही. एक तर ते रागावतील, आणि दुसरं म्हणजे असा माणूस एकटा नाही. ज्या गावाच्या एका बाजूला कारखाना आणि दुसऱ्या बाजूला कॉलेज, तिथे एखादा सापडतोच.

गावात त्यांना 'कुलगुरू' म्हणतात. याची सुरुवात गणपतीच्या फ्लेक्सवर झाली. फ्लेक्सवर 'भावी सरपंच' होते, 'भावी जिल्हा परिषद सदस्य' होते, एक 'भावी आमदार' काळा चष्मा लावून होता. पोरांनी कोपऱ्यात सरांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं 'भावी कुलगुरू'. दुसरा कुणी असता तर भडकला असता. सर फ्लेक्सखाली उभे राहिले, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "'भावी' जरा लहान अक्षरात हवं होतं."

त्यांची वाट सरळ नव्हती. दहावीनंतर बॉयलर हाऊसमध्ये हेल्पर. मग सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. तिसऱ्या पाळीला गेज ग्लासकडे एक डोळा ठेवून दुसऱ्या डोळ्याने मुक्त विद्यापीठाची पुस्तकं वाचली आणि बी.ए. झाले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अशा किती पाळीवाल्यांना पदवीधर केलं असेल! मग मुंबई विद्यापीठाच्या आयडॉलमधून, म्हणजे दूरशिक्षण संस्थेतून, एम.ए. शिक्षणक्षेत्रात पाऊल पडलं ते मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहामुळे. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात आसपासच्या कॉलेजांना कुणीतरी वक्ता लागतो आणि तो फुकट लागतो. सर दोन्ही अटींत बसले. भाषणं चांगली व्हायची. मग एका विनाअनुदानित कॉलेजात घड्याळी तासावर 'इंडस्ट्रियल सेफ्टी' शिकवू लागले. संस्थाचालकांच्या लवकरच लक्षात आलं की हा माणूस शिकवतो बरा, पण लिफ्ट मात्र याच्याशिवाय चालत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर त्यांनी वर्तमानपत्रात कुलगुरुपदाची जाहिरात वाचली.

सरांचे दोन बायोडाटा माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. एक कंपन्यांसाठी, त्यात शिक्षणक्षेत्र एका ओळीत उरकलेलं. दुसरा विद्यापीठांसाठी, त्यात सगळी बॉयलरची वर्षं 'ऊर्जा क्षेत्रातील नेतृत्व' या तीन शब्दांत कोंबलेली. आम्ही ते बसून तयार केले. सर सांगायचे, मी टाइप करायचो.

"लिहा. रात्रपाळीत सात माणसं हाताखाली."

"लिहिलं."

"आता हेच विद्यापीठाच्या भाषेत. 'बहुविद्याशाखीय चमूचे नेतृत्व'."

"सर, त्या सातांत चार हेल्पर, दोन कोळसेवाले आणि एक वॉचमन होता ना?"

"मग? एका शाखेचे होते का?"

कॅन्टीनच्या उसळीत अळी निघाली म्हणून कामगारांनी ताटं उलटी घातली होती, सरांनी मध्ये पडून ते मिटवलं. त्याचं झालं 'हितधारकांच्या तक्रारींचे संवेदनशील निवारण'. बॉयलर इन्स्पेक्टर दरवर्षी येऊन तपासणी करायचा, त्याचं झालं 'बाह्य मूल्यांकन समितीस सातत्याने यशस्वीपणे सामोरे'. रिलीव्हर आला नाही की डबल ड्युटी करावी लागायची, त्यावर आम्ही बराच वेळ अडलो. शेवटी सरांनाच सुचलं: 'अतिरिक्त कार्यभार'. हा शब्द ऐकून मी मान तुकवली. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत निम्मी पदं अतिरिक्त कार्यभारावरच चालतात असं वाटावं इतका तो तिकडे रुळलेला आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही बायोडाटांत नाही. ती मला सरांकडून कळली नाही, त्यांच्या एका जुन्या हेल्परने सांगितली. पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला आला होता, मशीन तापेपर्यंत बोलत बसला. तिसरी पाळी, पहाटेची वेळ. काचेत पाणी दिसेना. बॉयलर पेटलेला, आत ट्यूब तापून लाल, आणि पाणी किती खाली गेलंय ते कुणाला सांगता येईना. हेल्पर फीड पंपाच्या बटनाकडे धावला. पाणी नाही म्हणजे पाणी घालायचं, एवढंच त्याला कळत होतं. सरांनी त्याचा हात झटकून टाकला. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर त्या क्षणी त्याची वाफ होते आणि बॉयलर शेडसकट वर जातो. सरांनी आधी आग बंद केली, मग स्टीमचा मेन व्हॉल्व्ह, आणि नुसते उभे राहिले. तिकडे प्रॉडक्शनवाला ओरडतोय की स्टीम द्या, बॅच जाईल. फोनवर मॅनेजर आईबहीण काढतोय. सर काहीच करत नव्हते. बॉयलर निवेपर्यंत काहीही न करणं हेच काम होतं आणि ते त्यांनी उजाडेपर्यंत केलं. बॅच गेली. सरांना मेमो मिळाला. लॉगबुकात त्यांनी तीन वाक्यं लिहिली होती: पाणी दिसले नाही. आग बंद केली. पंप सुरू केला नाही.

मला विचाराल तर विद्यापीठ चालवायला लायक ठरवणारी सरांच्या आयुष्यात तेवढीच तीन वाक्यं आहेत. सगळे एकाच वेळी 'काहीतरी करा' म्हणून ओरडत असताना कुठलं बटन दाबायचं नाही हे कळणं, याहून मोठी पात्रता त्या खुर्चीला लागत असेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं, "सर, हे टाकू या ना बायोडाटात."

सरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "त्याला पॉइंट नाहीत."

सकाळच्या डहाणू लोकलमध्ये सरांचा वर्ग भरतो. ही लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत येते. त्याआधी शटल आणि पॅसेंजरवर दिवस काढले, हे ते प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगतात. पालघरला एक निवृत्त प्राध्यापक चढतात. त्यांचा आणि सरांचा वाद हा त्या डब्याचा ठरलेला कार्यक्रम आहे. भजनी मंडळ पुढच्या डब्यात असतं, त्यामुळे अडथळा नसतो.

प्राध्यापकांचं म्हणणं एकच. "कुलगुरू व्हायला आधी त्या कुळातलं असावं लागतं. प्राध्यापक म्हणून दहा वर्षं काढावी लागतात. यूजीसीचा नियम आहे."

सरांना हेच हवं असतं. ते पिशवी मांडीवर घेतात आणि सुरू होतात. "मुंबई विद्यापीठ कधीचं? १८५७चं. सुरुवातीचे कुलगुरू कोण? न्यायमूर्ती, सनदी अंमलदार, एक तर मिशनरी, डॉक्टर जॉन विल्सन. पहिले भारतीय कुलगुरू न्यायमूर्ती तेलंग, १८९२. म्हणजे जज. स्वातंत्र्य मिळालं त्या साली कोण आले? पां. वा. काणे. म्हणजे वकील. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जयकर, बॅरिस्टर. रँग्लर परांजपे मंत्री होते, ऑस्ट्रेलियात हायकमिशनर होते, मग पुण्याला आले. काकासाहेब गाडगीळ? केंद्रात मंत्री, पंजाबचे राज्यपाल, मग कुलगुरू. वसंत गोवारीकर? रॉकेटवाले. रॉकेटमध्ये काय केलं त्यांनी? घन इंधन! आम्ही कशावर होतो? कोळशावर. तेही घनच."

डब्यात हशा पिकतो. सर थांबत नाहीत. "नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतून. मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डोंगरकेरी मुंबई विद्यापीठात रजिस्ट्रार होते, म्हणजे ऑफिसातून आलेले. लांब जायचंय? बाबासाहेब ज्या कोलंबियात शिकले, त्या विद्यापीठाचे अध्यक्ष १९४८ साली आयझेनहॉवर झाले. सेनापती! महायुद्ध चालवलेला माणूस विद्यापीठ चालवतो, आणि बॉयलर चालवलेला माणूस चालत नाही?"

प्राध्यापक ऐकून घेतात. मग चष्म्यावरून बघत म्हणतात, "काण्यांनी वकिली करता करता धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पाच खंड. तुम्ही बॉयलर चालवता चालवता काय लिहिलंत?"

"लॉगबुक," सर म्हणतात. "एक पान कोरं नाही."

एके दिवशी सफाळ्यापर्यंत सामना बरोबरीत होता. मग सरांनी हुकमाचा पत्ता टाकला. "मामासाहेब दांडेकर. दिवसा एस. पी. कॉलेजचे प्राचार्य, संध्याकाळी वीणा गळ्यात घालून कीर्तनाला उभे. त्यांना कुणी विचारलं का, की तुमचा मूळ धंदा कोणता?" प्राध्यापक गप्प झाले. पालघरच्या कॉलेजात ज्यांनी आयुष्य घालवलं, पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला सोनोपंत दांडेकर हे मामासाहेबांचंच नाव वाचलं, त्यांनी यावर काय बोलायचं?

सरांची यादी बिनचूक असते, वर्षासकट. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही असं मला नेहमी वाटतं. काण्यांनी आपण वकील आहोत हे लपवलं नाही. गोवारीकरांच्या नावामागून रॉकेट कधी सुटलं नाही. मामासाहेबांनी तर दोन्ही पोशाख राजरोस मिरवले. सरांनी मात्र त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून पहिलं काम काय केलं असेल तर बॉयलर झाकून टाकला.

मध्ये त्यांचे दिवस पालटतील अशी चिन्हं दिसली. २०२२ साली यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' काढलं. पंधरा वर्षांचा व्यवसायातला अनुभव असला की पीएच.डी. नसतानाही प्राध्यापक होता येतं. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, एका संस्थेत तीन वर्षं, फार तर चार. सरांनी तो कागद माझ्याकडून लॅमिनेट करून घेतला. पाटीवरचं 'प्रा.' तेव्हाचं. मुदत चार वर्षांची असली तरी रंग ऑइलपेंट आहे.

आणि मग जानेवारी २०२५. यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला, त्यात उद्योग, लोकप्रशासन, सार्वजनिक उपक्रम अशा ठिकाणी वरच्या पदावर दहा वर्षं काढलेल्यांनाही कुलगुरुपदाचा दरवाजा उघडा ठेवला होता. सर पेढे घेऊन दुकानात आले. मी म्हटलं, "सर, मसुदा आहे, नियम नाही." म्हणाले, "पेढेही पाव किलोच आणलेत." पुढच्या काही दिवसांत तमिळनाडू आणि केरळच्या विधानसभांनी मसुद्याविरुद्ध ठराव केले. त्यांचं दुखणं राज्यांच्या अधिकारांचं होतं, पण सरांनी ते स्वतःच्या अंगाला लावून घेतलं. घरात आठवडाभर इडली झाली नाही.

अर्ज करण्यात त्यांचा हात धरणारा पट्ट्यात कुणी नाही. महाराष्ट्रात शोध समिती किमान पाच नावं कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे, पाठवते. सरांचं म्हणणं पहिल्या नंबराचा आग्रह नाही, पाचात असलो तरी राज्यपाल माणूस ओळखतील. अर्जाच्या प्रती स्पायरल करून, वर पारदर्शक कव्हर लावून, बोईसरच्या पोस्टातून पोचपावतीसह जातात. पोचपावत्यांची वेगळी फाइल आहे. तिच्यावर 'पत्रव्यवहार (राजभवन)' असं लिहिलंय. राजभवनाकडून आलेलं त्यात एकही पत्र नाही, पण पोस्टाचा शिक्का आहे, तारीख आहे.

मुलाखतीचं बोलावणं आलं ते एका खाजगी विद्यापीठाचं. अहमदाबाद हायवेच्या अंगाला आहे, नाव सांगत नाही. पद कुलगुरूचं नव्हतं, कुलसचिवाचं होतं, तेही प्रभारी. सरांनी चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. शीर्षक 'नेतृत्व: एक प्रवास'. समोर संस्थापक-अध्यक्ष, त्यांचा मुलगा, त्यांचा सीए आणि दोन माजी प्राचार्य. सर व्हिजन सांगू लागले. सतराव्या स्लाइडला लाईट गेली.

आता आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे काय ते समजून घ्या. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला, १९६९ पासून चालू, कुंभवलीहून सहज जाऊन यावं इतकं जवळ. आणि जिल्ह्यात लाईट जाते ती पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधी, ढग बघून. सभागृहात अंधार झाला. सीएने मोबाइलची बॅटरी लावली. सरांनी व्हिजन तिथेच टाकलं आणि विचारलं, "जनरेटर कुठाय?" कुणाला माहीत नव्हतं. सर आवाजाने नाही, वासाने शोधत गेले. मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून. डिझेल भरपूर होतं, पण बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं बुरशीगत साचलं होतं. सरांनी टायच्या टोकाने ते पुसलं, वायर घट्ट केली, बटन दाबलं. दिवे आले. हात काळे, टाय हिरवा-पांढरा, असे सर परत आले आणि म्हणाले, "तर मी म्हणत होतो, संस्थात्मक उत्कृष्टता—"

अध्यक्ष म्हणाले, "कधी जॉइन होताय?"

आपली निवड सतराव्या स्लाइडवर झाली असं सर आजही मानतात. ती स्लाइड त्यांनी फ्रेम करून घेतली आहे. माझ्याकडूनच.

कुलसचिव म्हणून त्यांनी केलेली पहिली सुधारणा म्हणजे हँडओव्हर बुक. पाळी संपवून जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहायचं: काय चालू, काय बंद, काय बिघडलं. प्रत्येक विभागप्रमुखाने संध्याकाळी घरी जाताना वहीत लिहावं असा फतवा निघाला. स्टाफरूम पेटली. आम्ही काय कामगार आहोत, असा निषेधाचा ठराव झाला, त्यावर सह्या झाल्या. इतिहासाच्या मॅडमनी चिडून वहीत लिहिलं: 'फ्रेंच राज्यक्रांती चालू. खडू बंद. पंखा बिघडला.' दुसऱ्या दिवशी सकाळी खडूचा खोका टेबलावर आणि पंखा फिरत होता. मॅडम तेव्हापासून नियमित लिहितात. बाकीचे अजून निषेधात आहेत, पण त्यांच्या वर्गातल्या पंख्यांची नोंद मॅडमच करतात.

तिकडे स्टाफरूममध्ये त्यांना पाठीमागे 'बॉयलर' म्हणतात. इकडे एमआयडीसीत चहाच्या टपरीवर जुने सोबती 'काय मास्तर' म्हणून हाक मारतात. सरांना दोन्ही लागतं. घरात तिसराच हिशेब. त्यांच्या आई अजून सगळ्यांना सांगतात, "बाळ्या कंपनीत आहे." कंपनीत असणं म्हणजे पीएफ, बोनस, दिवाळीचा मिठाईचा डबा. विद्यापीठातून मिठाईचा डबा येत नाही, त्यामुळे आईंच्या दृष्टीने ती नोकरी नव्हेच.

या सगळ्याचा स्फोट झाला तो मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा. मीही होतो, मुलीचा बायोडाटा माझाच. पोहे आले. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "आपण काय करता?"

आई म्हणाल्या, "कंपनीत."

वहिनी म्हणाल्या, "कॉलेजात."

सर घसा खाकरून म्हणाले, "मी उच्च शिक्षणाच्या प्रशासकीय नेतृत्वाच्या क्षेत्रात—"

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एका माणसाच्या तीन नोकऱ्या म्हणजे बहुधा एकही नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मुलाची आई पोह्यांतले शेंगदाणे मोजू लागली. सर प्रेझेंटेशनचा लॅपटॉप आणायला उठणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "अहो, बॉयलरवर होता तो. फस्टक्लास आहे."

सरांनी डोळे मिटून घेतले.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "बॉयलरवर? कुठला? लँकेशायर की वॉटर ट्यूब?"

"सुरुवातीला लँकेशायर," सर डोळे न उघडता म्हणाले. "मग थ्री पास."

"आम्ही तारापूरला होतो. एक आणि दोन नंबर युनिटवर. रिटायर झालो."

सरांचे डोळे उघडले. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. तिथे वेगळा बॉयलर नसतो. अणुभट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनला जाते. व्याही, म्हणजे तोवर व्हायचे होते, हसून म्हणाले, "आमचाही बॉयलरच हो. आग तेवढी वेगळी."

त्यानंतर दोघांनी फीड वॉटरची टीडीएस, ब्लोडाऊन, सेफ्टी व्हॉल्व्ह किती प्रेशरला उडतो, रात्रपाळीत झोप कशी आवरायची, यावर जी बैठक मारली ती संपेना. पोहे गार झाले. पुन्हा गरम केले, पुन्हा गार झाले. पाण्याशिवाय उभ्या राहिलेल्या त्या पहाटेची गोष्ट सरांनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगितली. मी प्रथमच ऐकली त्यांच्याकडून. व्याही शेवटी एवढंच म्हणाले, "पंप नाही ना चालू केलात?" "नाही." "मग झालं." लग्न तिथेच ठरलं. मुलगा-मुलगी गच्चीवर बोलायला गेले होते, त्यांना खाली आल्यावर कळवण्यात आलं.

पत्रिका मीच छापली. मुलीच्या वडिलांच्या नावापुढे काय लिहायचं यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली आणि सरांनी शेवटी 'प्रा.' ठेवून बाकीचं सगळं काढलं. मला वाटलं, माणूस बदलला. पुढच्याच आठवड्यात गोंडवाना की कुठल्यातरी विद्यापीठाच्या जुन्या जाहिरातीचं कात्रण घेऊन ते हजर.

परवाची गोष्ट. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दुसऱ्या दिवशी बॉयलरची तपासणी होती आणि त्यांचा अटेंडंट गावी निघून गेला होता. रात्री साडेअकराला सरांना फोन. सर जुने सेफ्टी शूज घालून निघाले, मला स्कूटरवर मागे बसवलं, म्हणाले, चला, परतताना सोबत होईल. गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली. मग रकाना आला: हुद्दा.

"पोस्ट क्या लिखूं, साहब?"

सरांनी सुरुवात केली. प्राध्यापक, कंसात प्रॅक्टिस, प्रभारी कुलसचिव, माजी... रकाना अंगठ्याएवढा. मागे टँकर हॉर्न मारत होता, त्याच्यामागे दुसरा. वॉचमनने पेन थांबवलं. "साहब, एकही लिखने का." सर विचारात पडले. कुठलं ठेवावं आणि कुठलं सोडावं, हा प्रश्न त्यांना एवढ्या तातडीने कुणी विचारला नव्हता. टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढून काहीतरी हासडलं. वॉचमनने मग स्वतःच लिहून टाकलं आणि गळ्यात घालायचा पास हातात दिला. त्यावर छापलेलं होतं: 'व्हिजिटर'.

मला वाटलं, सर खट्टू होतील. पण दिव्याखाली पास वाचताच त्यांचा चेहरा उजळला. "माहितीय का तुम्हाला," ते मला म्हणाले, "केंद्रीय विद्यापीठांचा व्हिजिटर कोण असतो? साक्षात राष्ट्रपती. कुलगुरूच्या वर कुलपती, आणि कुलपतीच्याही वर व्हिजिटर!" आणि ताठ मानेने बॉयलर हाऊसकडे चालू लागले.

आत गेल्यावर त्यांनी आधी काचेतलं पाणी पाहिलं. मग पहाटेपर्यंत त्यांना दुसरं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आले, डोळे तांबारलेले, आणि तो पास माझ्या टेबलावर ठेवला. "लॅमिनेट करा."

"सर, हा गेटवर परत द्यायचा असतो. तुम्ही आणलात कसा?"

"बाहेर पडताना वॉचमन झोपला होता," सर म्हणाले. "तसं मी लॉगबुकात लिहून आलोय."